उतरत्या पाण्याचा चढ

१ जानेवारी १९७३, सोमवार

दोरीला दगड बांधून सोसायटीच्या विहिरीत सोडला. तीस फूट पाणी. दोरीवर फुटाफुटाला गाठी मारून नेल्या होत्या. बद्रीनाथ इंजिनाजवळ तेलाचे हात पुसत बघत होता. म्हणाला, "कावून मोजताव बाई? पळून चाललंय का पानी?" म्हटलं, तेच बघायचंय!

खरं कारण साधं. आठवीला आलेख शिकवायचाय. पुस्तकातल्या उदाहरणात आगगाडी आहे. आमच्या पोरींनी आगगाडी बघितलेली नाही. विहीर मात्र सगळ्यांच्या डोक्यावर आहे — अक्षरशः, हंड्याहंड्यानं.

गावची विहीर दिवाळीतच आटली. तेव्हापासून पिण्याचं पाणीही सोसायटीच्या विहिरीतूनच. एरवी ती बाराजणांची, त्यांच्या उसाला. मामा, म्हणजे माझे सासरे, तिचे चेअरमन. दहा वर्षांपूर्वी घरोघर फिरून त्यांनीच सोसायटी उभी केली. गावात कुणी "विठ्ठलरावांची विहीर" म्हटलं की सासरे ऐकून न ऐकल्यासारखं करतात, पण मिशीत हसतात.

८ जानेवारी, सोमवार

साडेअठ्ठावीस.

१५ जानेवारी, सोमवार

सत्तावीस! तिन्ही ठिपके एका रेघेत, पट्टी लावून बघितलं. एवढं सरळ वागणारं माझ्या सासरी पाणी एकच असेल.

वर्गात फळ्यावर घेतलं. आडवे आठवडे, उभे फूट. चढ म्हणजे काय, तर उभा फरक भागिले आडवा फरक. सत्तावीस वजा तीस, म्हणजे उणे तीन. आठवडे दोन. उणे तीन भागिले दोन — उणे दीड. सोसायटीतल्या आप्पारावांची सुंदर लगेच उठली. "बाई, चढ म्हंता आन् रेघ तर उतरतीय की!" म्हटलं, म्हणूनच तो उणे लिहायचा. नाव चढच, दिशा उणे सांगते. सगळ्यांनी तोंडी करून बघितलं. मग मी उत्साहात पट्टी पुढं सरकवली आणि रेघ लांबवली. विहिरीच्या तळाचे चार फूट गाळ आहे. रेघ चारपाशी पोचते ती मेच्या दोन तारखेला.

एक पोरगी म्हणाली, "आन् मग?"

मग काय! दोन मेला आभाळात ढगसुद्धा नसतो.

रात्री मामांना जेवताना सांगितलं. ते हसले. "रेघेनं पानी आटतं व्हय गं? त्या हिरीचा झरा माझ्या पायाखाली फुटलाय. तिला मी वळखतो." म्हटलं, मामा, मी वळखत नाही, मी मोजलंय. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, डोळे वटारले. पण मामांना राग आला नाही. त्यांना माझं शिक्षण आवडतं. पाहुण्यांपुढं मिरवतातही.

२२ जानेवारी, सोमवार

साडेपंचवीस. अर्थातच.

२७ जानेवारी, शनिवार

सोमवारचा आकडा आजच फळ्यावर लिहून ठेवला — २४. खाली माझी सही. हेडमास्तर म्हणाले, उगीच जाहीर कशाला? म्हटलं, चुकला तर पुसायलाही मीच येईन.

३० जानेवारी, मंगळवार

काल चोवीस निघालं! बरोब्बर चोवीस. आप्पारावांनी स्वतः दोरी धरली होती, गाठी स्वतः मोजल्या.

आज सोसायटीची बैठक आमच्या ओसरीवर. मी दाराआड. आप्पाराव म्हणाले, "चेअरमन, सूनबाईनं आधी सांगितलं तेवढंच निघालं की हो!" मग मला बाहेर बोलावलं. हातात आलेखाचा कागद, समोर बारा पागोटी-टोप्या. घाबरले नाही. दोन ठिपके घेतले, फरक काढला, भागाकार केला, रेघ दोन मेवर नेली. शेवटी मामाच म्हणाले, "इंजिन येक दिवसाआड." ठराव झाला.

आठवीच्या गणितानं इंजिन थांबवलं! एवढं लिहून झोपते. आज झोप छान लागेल.

५ फेब्रुवारी, सोमवार

तेवीस. आठवड्याला एकच फूट. चढ उणे एक. रेघ कशी आडवी व्हायला लागली, बघत राहावंसं वाटतं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

बावीस. रेघ अगदी शहाण्या मुलासारखी.

१९ फेब्रुवारी, सोमवार

साडेवीस. हं?

२६ फेब्रुवारी, सोमवार

एकोणीस. पुन्हा उणे दीड! इंजिन निम्मं चालतंय आणि पाणी मात्र पहिल्याइतकंच उतरतंय. भागाकार चुकला म्हणून परत केला. तीन भागिले दोन करताना पोरगंही चुकणार नाही.

कुणीतरी चोरून उपसतंय. दुसरं काही असूच शकत नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सरळ बद्रीनाथला गाठलं. चालवणारा तोच. "आईच्यान सांगतो बाई, येक दिवसाआडच." मी मान हलवली, विश्वास नाही अशी. त्यानं हाताला धरलं नाही एवढंच, पण ओढूनच डिझेलच्या पिंपापाशी नेलं. "हे बघा. गेल्या म्हैन्यात कुठवर होतं, आन् आता कुठवर हाय." खरंच, निम्मंच संपलंय. आधी त्याला, मग मनातल्या मनात मामांनाही चोर ठरवून बसले होते. बद्रीनाथला "चुकलं माझं" म्हटलं. मामांना काय म्हणणार? त्यांना ठाऊकच नाही.

मग पितंय कोण?

१ मार्च, गुरुवार

भामाबाईनं सांगितलं — तिला न कळता.

ती वरच्या वस्तीवरची. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेत, नातवंडं घेऊन ही मागं राहिली, आमच्याकडं धुणंभांडी करते. आज येताना पदरात गूळ बांधून आणला. "घ्या बाई, तोंड गोड करा. आता तुमच्या हिरीवर न्हाई यायचं आमाला!" वस्तीच्या बायांचा नंबर सोसायटीच्या विहिरीवर शेवटचा. गाव भरून झालं की त्यांचं. कितीदा तरी ती रिकामा हंडा घेऊन उन्हात बसलेली बघितलीय, आणि खरं सांगायचं तर बघून पुढं गेलेय.

दुष्काळी कामावर वस्तीला नवी विहीर घेतलीय. तिला पाणी लागलं. कधी? "झाले की पंधराएक दिस. इंजिन लावून पानी भाईर फेकत्यात. आनखी खाली खणायचंय म्हून."

गूळ खाल्ला. पंधरा दिवस — म्हणजे माझी रेघ वाकली तिथंच!

४ मार्च, रविवार

वस्तीवर जाऊन आले. ओढ्याच्या काठानंच वाट, आमच्या विहिरीपासून फार लांब नाही, फक्त चढाची.

विहीर अजून बांधलेली नाही. नुसता खडकात खड्डा. इंजिन धडधडतंय आणि पाण्याचा पाइप ओढ्यात सोडलेला. हाताएवढी धार! वाळूत पडते आणि जिरून जाते. गावात हंड्यासाठी झिंज्या उपटतायत आणि इथं ही धार वाळूत! ओव्हरसियर म्हणाला, काय करणार बाई, पाणी काढल्याशिवाय खाली सुरुंग लावता येत नाही.

मी दगड-दोरी काढली तर सगळ्या बाया गोळा झाल्या. तुळजाबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिनं तांब्या पुढं केला. "पी बाई. आमी आजवर दुसऱ्याच्या हिरीचं प्यालो. आमच्या हिरीचं कुनाला देतोय, ते आजच." प्याले. गार होतं. थोडं मातकट.

एकच पाणी आहे हे. वर उपसलं की खाली उतरतं.

तीच तारीख, रात्री

शोध लागल्याचा आनंद पोटात मावेना. जेवताना सगळं सांगून टाकलं — रेघ कुठं वाकली, का वाकली, वस्तीची विहीर, इंजिन. मामांचा घास हातातच राहिला. "म्हंजी आपलं पानी ते नेत्यात?" मी उत्साहात म्हटलं, "हो! माझ्याकडं पुरावा आहे!"

आता लिहिताना ते वाक्य वाचतेय. मी असं का म्हटलं?

६ मार्च, मंगळवार

कालचं पाणी साडेसतरा.

सकाळी मामांनी भिंतीवरचा माझा आलेख काढला, घडी न घालता गुंडाळला आणि केजला निघाले. दारात वळून म्हणाले, "तुझी रेघ लई कामाची निघाली, सूनबाई." इतक्या प्रेमानं कधी बोलले नव्हते.

८ मार्च, गुरुवार

तहसिलीत अर्ज दिलाय. वस्तीची विहीर बुजवावी. महिनाअखेरीला तहसीलदारसाहेब पाहणीला येणार.

भामाबाई आज भांडी घासत होती. पाठमोरी. तिला कळलंय. एवढंच म्हणाली, "बाई, तुमी आमचं पानी पिऊन गेलताव न्हवं?"

प्यालेच होते. पण रडतही बसणार नाही. माझ्या रेघेनं खोटं सांगितलं नाही, अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मी काढीन. कुणाच्या वाट्याचा चढ किती, तो वेगळा काढला की झालं. आणि ते मला येतं.

११ मार्च, रविवार

हे अंबाजोगाईहून आले होते, बँकेला सुट्टी. मामांनी त्यांच्या कानावर घातलंच होतं. मला म्हणाले, "घरातलं घरात मिटवून घे." कसं मिटवू? रेघ मिटवू?

आत्याबाईंनी परस्पर उत्तर दिलं. "पंडित, तू जेव." बास. हे जेवले. आत्याबाई कुणाच्या बाजूनं आहेत, अजून कळत नाही.

१७ मार्च, शनिवार

शिमग्याची तीन दिवस सुट्टी. वस्तीवरचं इंजिन बंद राहणार, आमचं ठरल्याप्रमाणं चालणार. यापेक्षा चांगला प्रयोग देवालाही सुचला नसता! संध्याकाळी पाणी मोजलं. पंधरा फूट.

२० मार्च, मंगळवार

संध्याकाळी मोजलं. चौदा फूट सात इंच. म्हणजे तीन दिवसांत नुसतं पाच इंच. दोन्ही इंजिनं चालू असती तर साडेसात-आठ गेलं असतं.

आता सगळं सुटं झालं. आमचं इंजिन ज्या दिवशी बंद असतं त्या दिवसांचा चढ वेगळा काढला, तो निव्वळ हंड्यांचा. पुन्हा पुन्हा पडताळला. आठवड्याला दीड फूट उतरतं, म्हणजे अठरा इंच. त्यातले सहा वस्तीवरचं इंजिन वाळूत ओततं. गाव पितं तीन. आणि आमचा ऊस? नऊ! एक दिवसाआड पिऊनसुद्धा! जानेवारीत इंजिन रोज चालूनही अठराच उतरायचं, कारण तेव्हा झऱ्याचं तीनेक इंच भरून यायचं; आता तो झरा आटलाय.

वस्ती हंड्यानं शेंदून प्यायली तर एखादा इंच लागेल. जास्त नाहीच.

म्हणजे विहीर बुजवायला नको. नुसतं खणणं थांबवून इंजिन उचललं की वस्तीचा प्रश्न मिटतो. मग उरतो ऊस. तो तसाच चालू ठेवला तर पाणी मेअखेर. ऊस बंद केला आणि दोन्हीकडच्या माणसांनी फक्त प्यायलं तर दसऱ्यापर्यंत! मधे थेंब पडला नाही तरी!

पेन खाली ठेवून टाळी वाजवली. आत्याबाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, दसऱ्यापर्यंत आहे पाणी. त्या म्हणाल्या, "उसासकट?" त्यांना सगळं समजतं.

२५ मार्च, रविवार

मामांच्या पाठीमागून बोलायचं नाही, हे ठरवलं होतं. ते गोठ्यात होते. जाऊन सांगितलं, साहेब आले की मी सगळं सांगणार आहे. उसाचंही.

बैलाच्या पाठीवरचा हात थांबला. मग म्हणाले, "माझ्या उसाचं?" म्हटलं, सगळ्यांच्या. त्यात तुमचाही आला. "सोसायटी हुबी करताना मी लोकांला काय शबूद दिलता, म्हाईत हाय? तुमचं रान हिरवं करून दाखवीन म्हनलतो." मी म्हटलं, तेव्हा पाऊस होता, मामा.

"सांग," म्हणाले. "पर घरातली म्हून न्हाई. मास्तरीण म्हून सांग."

२८ मार्च, बुधवार

झालं.

साहेब जीपनं आले. दोन्ही विहिरी बघितल्या. मग आमच्या विहिरीच्या काठावर सगळे जमले. एका अंगाला सोसायटी, दुसऱ्या अंगाला वस्ती, मधे पाच हात मोकळी जागा. तुळजाबाई सगळ्यांत पुढं बसलेली. मामांनी माझा जुना आलेख उघडला. साहेब म्हणाले, स्पष्ट आहे, वरच्या विहिरीमुळं खालचं पाणी जातंय.

मी पुढं झाले. म्हटलं, साहेब, हा आलेख माझा आहे. तो खरा आहे, पण अपुरा आहे. आणि नवा पसरला. जमिनीवरच, चार कोपऱ्यांना दगड ठेवून. शिमग्याचे ठिपके दाखवले. साहेबांनी खिशातून पेन काढून स्वतः वजाबाकी केली, भागाकार केला. दोनदा केला. मग वर बघून म्हणाले, "म्हणजे वस्ती पाणी नेत नाहीये. ते वाया जातंय." म्हटलं, होय. आणि त्याहून जास्त आमचा ऊस नेतोय.

कुणीतरी मागून ओरडलं, "विठ्ठलराव, आवरा सुनंला!" मामांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. आलेखाकडं बघत होते.

साहेबांनी तिथंच सांगितलं. विहीर बुजवायची नाही. खणणं बंद, इंजिन उद्या हलवा, मजूर पाझर तलावाच्या कामावर घ्या. आणि ऊस? "ते सोसायटीचं आहे. तुमची विहीर, तुमचा ठराव."

तुळजाबाई उठली. माझ्या हाताला हात लावला आणि चालायला लागली.

आज पाणी तेरा फूट.

२९ मार्च, गुरुवार

मामा माझ्याशी बोलत नाहीत.

३१ मार्च, शनिवार

हे आले. म्हणाले, ऐकलं सगळं. मी विचारलं, मग? तर म्हणे, बँकेतल्या साहेबांना सांगितलं, ती माझी बायको. ह्यांचं हे एवढंच, पण मला पुरलं.

२ एप्रिल, सोमवार

सव्वाबारा. वस्तीवरचं इंजिन गेल्याचं दिसतंय. पण ऊस आहेच. भामाबाई पुन्हा नीट बोलायला लागली. आज म्हणाली, "चेअरमन लई वाळलेत, बाई." मला तसं काही दिसलं नाही. जेवतात व्यवस्थित. माझ्या हातचंही.

५ एप्रिल, गुरुवार

सोसायटीची बैठक झाली. यावेळी मला बोलावलं नाही. दाराआडून ऐकलं. आप्पाराव एकटेच म्हणत होते, ऊस सोडून देऊ. बाकीचे तुटून पडले. ऊस कंबरेला आलाय, आता कसा सोडायचा? शेवटी सगळे मामांच्या तोंडाकडं बघायला लागले. मामा म्हणाले, "ठराव हाय तसाच ऱ्हाऊ द्या." संपलं.

एवढं सगळं डोळ्यांसमोर मांडूनसुद्धा! भागाकार साहेबांना पटला, तुळजाबाईला पटला. पण मामा मामाच. मी त्यांना आता पुरती ओळखते. ज्या उसावर चेअरमन झाले तो ऊस ते मरेस्तोवर सोडणार नाहीत. हे मी पेन्सिलीनं नाही, शाईनं लिहितेय.

९ एप्रिल, सोमवार

सव्वाअकरा. चढ उणे एक. जसा काढला होता तसाच. आज पहिल्यांदा बरोबर आल्याचा आनंद झाला नाही.

१२ एप्रिल, गुरुवार

शाळेला निघाले तर मळ्यात माणसं दिसली. वस्तीवरच्या बाया, आप्पाराव, बद्रीनाथ, आत्याबाईसुद्धा. मामा धोतर खोचून पुढं, हातात कोयता. आमचा ऊस तोडत होते. कंबरेएवढा, हिरवागार, कच्चा. जनावरांना वैरण म्हणून. जन्मात त्यांनी स्वतः ऊस तोडलेला कुणी बघितला नसेल. हाताला फोड आले होते, फडक्यानं बांधलेले. आप्पाराव म्हणाले, चेअरमन रातीच घरोघर जाऊन सांगून आले — आधी माझा तोडतो, मग तुमी ठरवा.

मी बांधावर नुसती उभी. मामांनी वर न बघताच मोळी माझ्याकडं ढकलली. म्हणाले, "बघत काय ऱ्हायलीस? बांध."